समव्यवसायींची सभा आणि तिची मर्यादा

एखाद्या शहरातील डॉक्टरांची मासिक सभा भरली आहे, अशी कल्पना करावी. विषय साधाच आहे. एका रुग्णाचा ताप तीन आठवडे उतरला नाही. प्रथम एक निदान झाले, पुढे दुसरेच निघाले. एक ज्येष्ठ डॉक्टर ती हकीकत मोकळेपणाने सांगतात. मागच्या रांगेतून एक तरुण डॉक्टर विचारतो, ‘ही रक्ततपासणी पहिल्याच आठवड्यात का झाली नाही?’ प्रश्न रास्त असतो, पण स्वराला किंचित धार असते. ज्येष्ठांचे उत्तर तपासणीविषयी नसते, वयाविषयी असते. ‘आपल्याला व्यवसायात पडून किती वर्षे झाली?’ असे ते विचारतात. कोणी हसतो, कोणी तरुणाची बाजू घेतो, कोणी जुना हिशेब उकरून काढतो. दहा मिनिटांत सभेचे दोन तट पडतात आणि ताप बाजूला राहतो. पुढे चहा होतो, आभार मानले जातात आणि मंडळी पांगतात.

या प्रसंगात कोणाची जीत झाली आणि कोणाची हार, याची चर्चा पुढे आठ दिवस चालते. खरी हानी मात्र पुढच्या महिन्यात होते. त्या सभेत तसाच एक रुग्ण चर्चेस येतो. तरुण डॉक्टरला शंका येते, पण तो गप्प बसतो. ज्येष्ठ डॉक्टरांजवळही सांगण्यासारखी एक चूक असते, पण तेही ती सांगत नाहीत. सभा अत्यंत शांततेत पार पडते. त्या शांततेची किंमत जो देतो तो रुग्ण सभेत हजर नसतो, आणि आपण काही गमावले हे त्याला कधी कळतही नाही.

डॉक्टरांच्या जागी वकील, शिक्षक, अभियंते, वृत्तपत्रकार किंवा सहकारी पेढीचे संचालक घातले तरी चित्र फारसे बदलत नाही. एकाच व्यवसायातील माणसे बोलावयास बसली, म्हणजे त्यांच्यामध्ये केवळ ज्ञान नसते. प्रतिष्ठा असते आणि उदरनिर्वाहही असतो. शेतकऱ्याने वैद्याचे निदान चुकले म्हटले तर वैद्य हसून सोडून देईल. तेच दुसऱ्या वैद्याने चारचौघांत म्हटले तर मात्र ते जिव्हारी लागते. म्हणूनच समव्यवसायींच्या चर्चेला इतर गप्पागोष्टींहून वेगळी मर्यादा लागते. ती मर्यादा कोणती, याचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे, आणि तो तत्त्वज्ञांनी जितका केला तितकाच वैद्यांनीही केला आहे, ही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट होय.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठवा अध्याय हा या दृष्टीने मोठा मनोरंजक आहे. विद्यार्थ्याने शास्त्र कोणते निवडावे, गुरू कसा पारखावा आणि गुरूने शिष्य कसा पारखावा, हे तेथे सांगितले आहे, आणि ज्ञानाची तीन साधनेही सांगितली आहेत. अध्ययन हे पहिले, अध्यापन हे दुसरे आणि तद्विद्यसंभाषा हे तिसरे. तद्विद्यसंभाषा म्हणजे तीच विद्या जाणणाऱ्याशी केलेले संभाषण. वैद्याने वैद्याशी बोलावे, हा त्याचा अर्थ. पूर्वी ऐकलेल्या विषयातील शंका त्यामुळे फिटतात, जे निःशंक वाटत होते ते अधिक दृढ होते, बोलण्याची शक्ती वाढते आणि कधी न ऐकलेल्या गोष्टी कानी पडतात, असे तिचे लाभ ग्रंथात दिले आहेत. त्यापुढे आणखी एक लाभ दिला आहे, तो वाचून हसू आल्याखेरीज राहत नाही. गुरू आपली जी गुप्त विद्या सेवा करणाऱ्या शिष्याला हळूहळू देतो, ती विद्या माणूस वादात जिंकण्याच्या भरात आपण होऊन सांगून टाकतो! मनुष्यस्वभावाची इतकी अचूक ओळख असलेला ग्रंथकार चर्चेचे नियम केवळ उपदेश म्हणून सांगणार नाही, हे उघड आहे.

या संभाषेचे दोन प्रकार केले आहेत. स्नेहभावाने होणारी ती संधायसंभाषा, आणि विरोधाच्या भूमिकेवरून होणारी ती विगृह्यसंभाषा. हा भेद विषयावरून केलेला नाही. एकाच ज्वराची चर्चा दोन्ही रीतींनी होऊ शकते. भेद आहे तो बोलणारे एकमेकांकडे कशा दृष्टीने पाहतात यात.

संधायसंभाषा कोणाशी करावी? ज्याला ज्ञान आहे, बोलण्याची व उत्तर देण्याची शक्ती आहे, एवढे पुरेसे नाही. तो रागीट नसावा, मत्सरी नसावा, त्याची समजूत घालता यावी, त्यालाही दुसऱ्याची समजूत घालता यावी, त्याला क्लेश सहन व्हावे आणि त्याची वाणी गोड असावी. अशाशी बोलताना विश्वासाने बोलावे, विश्वासाने प्रश्न विचारावेत आणि त्याने विचारले तर आपले म्हणणे स्पष्ट करून सांगावे. आपण हरू या भयाने बावरून जाऊ नये. जिंकलो तर हर्ष मानू नये, आणि इतरांपुढे त्याची बढाई मारू नये. मोहाने एकाच बाजूला चिकटून राहू नये. समोरच्याला जे ठाऊक नाही त्यावर बोट ठेवू नये. समजूत घालावयाची ती अनुनयाने घालावी.

यातील ‘इतरांपुढे बढाई मारू नये’ हा नियम विशेष महत्त्वाचा आहे. सभेतील कटुतेचा उगम पुष्कळदा सभेत नसतोच. ‘काल त्यांची कशी जिरवली’ हे वाक्य सभेनंतर जिन्यावर उच्चारले जाते आणि तेथून घरोघर पोहोचते. ज्याने सभेत स्वतःची चूक मोकळेपणाने कबूल केली, त्याची कबुलीच बाहेर त्याच्याविरुद्ध वापरली गेली, तर तो पुन्हा कबूल करणार नाही. तसेच, समोरच्याचे अज्ञान उघडे पाडू नये, या नियमात केवळ सौजन्य नाही, व्यवहारही आहे. उघडा पडलेला माणूस शिकण्याच्या स्थितीत राहत नाही. तो आपली अब्रू झाकण्याच्या खटपटीस लागतो.

विगृह्यसंभाषेचा भाग मात्र निराळा आहे. प्रतिस्पर्ध्याचे बळाबळ आधी तोलावे. तो आपल्याहून श्रेष्ठ आहे, समान आहे की कनिष्ठ आहे ते पाहावे. मगच वादात उतरावे, असे तेथे सांगितले आहे. रागीटपणा, भित्रेपणा, विसराळूपणा आणि अवधान नसणे हे वाद करणाऱ्याचे दोष म्हणून मोजले आहेत. पुढे श्रोत्यांचीही परीक्षा केली आहे. परिषद जाणती असते किंवा मूढ असते. आणि ती आपल्याविषयी स्नेह बाळगणारी, उदासीन किंवा आधीच विरुद्ध गेलेली असते. मूढ असून जी आधीच विरुद्ध गेली आहे, अशा परिषदेत कोणाशीही, कोणत्याही प्रकारे वाद करू नये, असा स्पष्ट निर्णय दिला आहे. कोठे बोलू नये हे सांगणारा हा नियम आजही तितकाच उपयोगी आहे. समोरासमोर बसून चर्चा होवो, की दूर बसून लिहिलेल्या शब्दांनी होवो, ज्या घोळक्याने मत आधीच ठरविले आहे त्यापुढे मुद्दा मांडणे म्हणजे मुद्द्याची हानी करून घेणे होय.

ग्रंथकार भाबडा नाही, हे येथे सांगितले पाहिजे. प्रतिपक्षाला नमविण्याच्या युक्त्याही त्याने दिल्या आहेत. ज्याचे पाठांतर कमी त्याच्यापुढे लांबलचक सूत्रे म्हणावीत, हे त्यांपैकीच एक. इतकेच नव्हे, तर परिषदेशी आधीच संधान बांधून आपल्याला सोपा किंवा प्रतिपक्षाला अवघड असा विषय ठरवून घ्यावा, आणि सभा भरल्यावर मात्र ‘आम्ही काय सांगणार, ही परिषदच विषय आणि मर्यादा ठरवील’ असे म्हणून गप्प बसावे, अशीही एक मसलत तेथे आहे! कोणत्याही गावातील कार्यकारी मंडळाच्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला ती ओळखीची वाटेल. परंतु याच ठिकाणी ग्रंथकार एक इशाराही देतो. विरोधाच्या संभाषणातून काहींच्या मनात तीव्र द्रोह उत्पन्न होतो. रागावलेल्या माणसाला न करण्याजोगे आणि न बोलण्याजोगे असे काहीच उरत नाही. म्हणून जाणते लोक सज्जनांच्या सभेत कलहाचे अभिनंदन करीत नाहीत. युक्त्या ठाऊक असणे वेगळे आणि त्यांचा गौरव करणे वेगळे, हा विवेक त्यात आहे.

वाद सुरू होण्यापूर्वी वादमर्यादा ठरली पाहिजे, असेही हा अध्याय सांगतो. मर्यादेची तेथील व्याख्या तीनच भागांची आहे: काय बोलावयाचे, काय बोलावयाचे नाही, आणि काय झाले म्हणजे हार झाली असे समजावयाचे. आजच्या संस्थांच्या घटना आणि पोटनियम चाळून पाहिले, तर पहिल्या दोन गोष्टी कोठे ना कोठे आढळतात. तिसरी बहुधा आढळत नाही. काय पुढे आले म्हणजे आपण आपले मत सोडू, हे आधी न ठरविता माणसे वादाला बसतात. मग वाद संपावयाचा कसा? तो थकव्याने संपतो किंवा भांडणाने संपतो. शिवाय, वैद्यांचा वाद आयुर्वेदातच चालावा, अन्यत्र जाऊ नये, असेही बजावले आहे. ‘आपल्याला किती वर्षे झाली?’ हा प्रश्न आयुर्वेदातील नाही, हे सांगावयास नकोच.

वाद बिघडतो कसा, याची तर चरकाने जणू निदानपद्धतीच दिली आहे. वादात कामी येणाऱ्या चव्वेचाळीस संज्ञा तेथे एकामागून एक समजावून दिल्या आहेत. त्यांतील अर्थांतर या दोषाचे उदाहरण पाहावे: ज्वराची लक्षणे सांगावयाची असताना प्रमेहाची लक्षणे सांगणे. विषय अडचणीचा झाला की दुसराच विषय काढावयाचा, ही सवय किती जुनी आहे! छल हा दुसरा दोष. एक वैद्य दुसऱ्याला ‘नवतंत्र’ म्हणतो, म्हणजे शास्त्र नव्याने शिकलेला. ‘नव’ शब्दाचा ‘नऊ’ असाही अर्थ होतो. तो दुसरा म्हणतो, ‘माझी काही नऊ तंत्रे नाहीत, एकच आहे.’ पहिला समजावतो, ‘नऊ तंत्रे नव्हेत, तुझा अभ्यास नवा आहे, असे म्हटले.’ त्यावर दुसरा म्हणतो, ‘मी तो नऊ वेळा नव्हे, अनेक वेळा केला आहे.’ समोरच्याच्या शब्दाचा त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ धरून त्याला अडविणे, हा वाक्छल होय. सामान्यछलाचे उदाहरणही असेच गमतीचे आहे. औषध रोग शमविते असे कोणी म्हणावे, आणि दुसऱ्याने म्हणावे, ‘म्हणजे अस्तित्वात असलेली एक वस्तू दुसरीला शमविते, मग खोकलाही अस्तित्वात आहे आणि क्षयही आहे, तेव्हा खोकल्याने क्षय बरा व्हावा!’ विशिष्ट विधान ओढून इतके व्यापक करावयाचे, की ते आपोआप हास्यास्पद ठरावे, ही युक्ती आजही रोज वापरली जाते.

अशा दोषांना नावे असण्याचा मोठा फायदा आहे. ‘तुम्ही अप्रामाणिक आहात’ असे म्हटले की भांडण होते. ‘हे अर्थांतर झाले, ज्वराकडे परत येऊ’ असे म्हटले की चर्चा ताळ्यावर येते. पहिले वाक्य माणसावर पडते, दुसरे वाक्यावर पडते. न्यायशास्त्राने वाद, जल्प आणि वितंडा असे जे तीन प्रकार केले, त्यांचाही उपयोग हाच. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचे केवळ खंडन करीत राहणे ती वितंडा. मराठीत ‘वितंडवाद’ हा शब्द घरोघर गेला; त्यामागील भेद मात्र शाळेतच राहिला.

नियम कितीही चांगले असले तरी सभेला अध्यक्ष लागतो. त्याने काय करावे, याचाही नमुना चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आहे. पंचविसाव्या अध्यायात काशीचा राजा वामक ऋषींच्या सभेत प्रश्न विचारतो की, ज्यापासून पुरुष उत्पन्न होतो त्यापासूनच त्याचे रोगही उत्पन्न होतात काय? एकजण म्हणतो, कारण आत्मा. दुसरा म्हणतो, मन. तिसरा रस म्हणतो. मग कोणी सहा धातू, कोणी मातापिता, कोणी कर्म, कोणी स्वभाव, कोणी प्रजापती, तर कोणी काळ हे कारण सांगतो. प्रत्येकजण आधीच्याचे खंडन करून आपला पक्ष मांडतो. अध्यक्षस्थानी असलेले पुनर्वसु आत्रेय सर्वांचे ऐकून घेतात आणि मग म्हणतात की, असा विवाद करू नका. पक्ष धरून बसणाऱ्याला तत्त्व सापडणे कठीण असते. पक्ष आणि प्रतिपक्ष हेच सिद्धांत समजून बोलणारे लोक तेलाच्या घाण्यावर बसलेल्या माणसासारखे फिरतच राहतात, मुक्कामाला कधी पोहोचत नाहीत. त्यानंतर ते स्वतःचे उत्तर देतात: ज्या भावांच्या सुस्थितीतून पुरुष उत्पन्न होतो, त्यांच्याच दुःस्थितीतून रोग उत्पन्न होतात.

या प्रसंगातील क्रम पाहण्याजोगा आहे. आत्रेय पहिल्याच वक्त्याला थांबवीत नाहीत. सर्वांचे बोलणे पुरते होऊ देतात. ते थांबवितात ते मतभेदाला नव्हे, घाण्याच्या फेऱ्याला. आणि थांबविल्यावर सभेला रिकाम्या हाताने परत धाडीत नाहीत. पुढच्याच अध्यायात रस किती, या प्रश्नावर एकापासून आठांपर्यंत आणि शेवटी असंख्य, अशी मते मांडली जातात. ‘असंख्य’ म्हणणारा कांकायन हा दूरच्या बाल्हीक देशाचा वैद्य आहे. त्याचेही मत ग्रंथाने नावासकट जपून ठेवले आहे. निर्णय सहा रसांचा झाला. पण हरलेली मते पुसून टाकली गेली नाहीत. इतिवृत्त कसे लिहावे, याचा हा धडाच म्हणता येईल.

अर्वाचीन काळात या अध्यक्षीय मर्यादेचे उदाहरण शोधावयाचे तर वडोदऱ्यात जन्मलेल्या गणेश वासुदेव मावळंकरांचे नाव सहज समोर येते. मूळ कोकणातील घराणे, जन्म 1888 मधला वडोदऱ्याचा आणि कर्मभूमी अहमदाबाद, असा हा बृहन्महाराष्ट्रातील पुरुष. 1937 मध्ये ते मुंबईच्या विधानसभेचे अध्यक्ष झाले आणि 1952 मध्ये लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. 1954 च्या डिसेंबरात विरोधी सभासदांनी त्यांच्याच विरुद्ध, त्यांना अध्यक्षपदावरून दूर करावे, असा ठराव लोकसभेत आणला. संविधानाच्या 96 व्या अनुच्छेदाप्रमाणे असा ठराव विचारात असताना अध्यक्षाला अध्यक्षस्थानी बसता येत नाही. त्याप्रमाणे त्या दिवशी उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार यांनी सभेचे काम चालविले. ठराव फेटाळला गेला आणि मावळंकर 1956 मध्ये निधन होईपर्यंत अध्यक्ष राहिले. त्या ठरावाची योग्यता काहीही असो. ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याने त्या तक्रारीपुरते आसन सोडावे आणि तक्रार करणाऱ्याला उघडपणे बोलू द्यावे, हा नियम केवळ संसदेचा नव्हे. गावच्या वाचनालयापासून डॉक्टरांच्या मंडळापर्यंत तो सर्वत्र लागू पडण्याजोगा आहे.

आता त्या मासिक सभेकडे परत वळावे. तेथे काय व्हावयास हवे होते? तरुणाने प्रश्न विचारू नये, असे मुळीच नव्हे. प्रश्न विचारला नाही तर सभेचे प्रयोजनच नाहीसे होते. ‘का केली नाही?’ याऐवजी ‘पहिल्या आठवड्यात ती तपासणी केली असती तर काय दिसले असते?’ असे त्याने विचारले असते, तर धार ज्वराकडे वळली असती. ज्येष्ठांनी प्रश्नामागील स्वर सोडून प्रश्न उचलला असता, तर त्यांची वर्षे आपोआपच बोलली असती. अध्यक्षांनी पहिल्या टोमण्यालाच, कोणाचा अपमान न करता, ‘हे आपल्या विषयातील नाही’ एवढे म्हटले असते, आणि सभा संपल्यावर दोघांनाही बाजूला घेऊन दोन शब्द सांगितले असते, तर तट पडले नसते. रुग्णाचे नाव-गाव चर्चेत येऊ नये, सभेत कबूल केलेली चूक बाहेर कोणी मिरवू नये आणि काय ठरले ते दोन ओळींत लिहून ठेवावे, एवढे तीन संकेत पाळले गेले असते, तरी पुढच्या महिन्यात ती महागडी शांतता पसरली नसती.

सभ्यता म्हणजे मौन नव्हे, आणि गोड बोलणे म्हणजे सत्य गिळणे नव्हे. ज्या सभेत कोणी कोणाला दुखवीत नाही, पण कोणी कोणाला काही सांगतही नाही, ती सभा सभ्य नव्हे. ती केवळ भ्यालेली असते. सभ्यतेच्या मर्यादा पाळावयाच्या त्या कठीण गोष्ट बोलता यावी आणि ऐकता यावी, यासाठीच.

विमानस्थानाच्या त्याच अध्यायात एक विचार आहे. बुद्धिमंताला सारे जगच गुरू असते आणि बुद्धिहीनाला सारे जग शत्रू वाटते. म्हणून हिताची गोष्ट शत्रूने सांगितली तरी ती ऐकावी. शत्रूचे ऐकावयाचे, तर मागच्या रांगेतील तरुण सहव्यवसायीचे ऐकावयास काय हरकत असावी? आणि ज्याचे ऐकले जाते, त्याने आपला स्वर थोडा उतरविला तर त्याचेही काही जात नाही. दाराबाहेर तापाने फणफणलेला रुग्ण वाट पाहत आहे, एवढे दोघांच्या ध्यानात राहिले, तरी अर्धी मर्यादा आपोआप पाळली जाईल.